‘एकदा ऑपरेशन झाले की पथ्य संपले’?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांतल्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे : वजनाच्या ऑपरेशनात पोटाची चरबी काढतात, बॅण्ड, बलून, स्लीव्ह हे सगळे एकच, नको वाटले तर पोट पूर्ववत करता येते, आणि पुढे पथ्याची कटकट उरत नाही.

चरबी शोषून काढतात ती लायपोसक्शनमध्ये. या शस्त्रक्रिया जठरावर होतात.

तिन्ही प्रकार एकच, हे तर मुळीच खरे नाही. बॅण्डमध्ये जठर कापत नाहीत; त्याच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचे कडे बसवून ते त्वचेखालच्या पोर्टमधून सलाइन भरून आवळतात. कडे सरकल्यामुळे किंवा जठराच्या भिंतीत रुतल्यामुळे अनेकांचे बॅण्ड काढावे लागले आणि ही पद्धत मागे पडली. बलून ही शस्त्रक्रियाच नव्हे. तो जठरात ठेवतात आणि बहुतेक प्रकारांत सुमारे ६ महिन्यांनी काढतात. स्लीव्हमध्ये मात्र जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते (ही उपमा डॉक्टरांचीच, जळगावकरांची नव्हे). कापलेल्या भागातच भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होत असल्याने सुरुवातीला भूकही मंदावते. बॅण्ड आणि बलून काढता येतात; कापलेले जठर परत जोडता येत नाही, फार तर पुढे जठराचा बायपास (अन्न थेट लहान आतड्यात वळवणारी दुसरी शस्त्रक्रिया) करता येतो.

राहिले पथ्य. माझ्या मावसभावाच्या स्लीव्हला वर्ष झाले होते, तेव्हाची आखाजी मला आठवते. खापरावरच्या पुरणपोळीचा चतकोर खाऊन त्याने ताट सरकवले, तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटले. पण अर्ध्या तासाने आमरसाची वाटी, मग दुसरी आणि दिवेलागणीला तिसरी. अरुंद नळीत घट्ट घास थांबतो आणि पोट भरल्यासारखे वाटते, गोड पातळ पदार्थ मात्र सरळ उतरतो. याच वाटेने अनेकांचे उतरलेले वजन पुन्हा चढते. म्हणून प्रथिने आधी, घास सावकाश चावून आणि जेवताना पाणी नाही, हे नियम कायम पाळावे लागतात. काहींना स्लीव्हनंतर छातीत जळजळ सुरू होते, त्यांना तर रात्रीच्या जेवणाची वेळही सांभाळावी लागते. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व ठरावीक मुदतीने रक्ततपासणी आयुष्यभर चालू राहते.