अव्वाला आम्ही बसवून ठेवलं

आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, बहात्तराव्या वर्षापर्यंत घरात पाणी भरलं. सोलापूरकरांना पाणी भरणं म्हणजे काय ते सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येणार, तोही कधी पहाटे तर कधी मध्यरात्री, आणि मग टाकी, पिंप, घागरी, कळश्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घरात नळ खाली आणि स्वयंपाकघर वर. अव्वा घागर कंबरेवर घेऊन बारा पायऱ्या चढायची. जमिनीवर बसून भाकरी थापायची, मीठ राहिलं म्हणून उठायची, परत बसायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी ती जमिनीवरून उठत असेल. आम्ही कधी मोजलं नाही.

मग एकदा ती मोरीत घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या. आम्ही अख्ख्या अव्वालाच विश्रांती दिली. खाट आणली. जेवणाचं ताट खाटेवर, पाण्याचा तांब्या उशाशी. सुनांनी भाकरीची परात काढून घेतली. मी स्वतः प्लास्टिकची उंच खुर्ची आणून दिली आणि म्हणालो, "अव्वा, लई केलंस आजवर, आता बस की निवांत." ती उठायला लागली की घरातलं कुणी ना कुणी ओरडायचं, "कशाला उठतेस? सांग ना काय पाहिजे ते."

दीड महिन्यात हात बरा झाला. पाय मात्र गेले होते. त्या पायांना काहीच झालं नव्हतं. सहा महिन्यांनी तिला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची. तीन वर्षांनी परत पडली, तेव्हा खुबा मोडला आणि त्यातून ती उठलीच नाही.

हे आज लिहितोय, कारण गेल्या महिन्यात ओळखीच्या तीन घरांत हेच चाललेलं पाहिलं. तिन्ही घरं प्रेमळ आहेत. आईवडिलांना फुलासारखं जपणारी आहेत.

अव्वा गेल्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. आजार नाही, ताप नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो स्नायूवजन उतरलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही अव्वाला सहा महिने बसवलं होतं.

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. याला सार्कोपेनिया असं नाव आहे. नाव माहीत नसलं तरी चालेल, पण त्यातली एक गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद लवकर कमी होते आणि ताकदीपेक्षाही लवकर चपळाई जाते. झटकन काम करणारे स्नायूतंतू आधी बारीक होतात. मोरीत पाय घसरला की दुसरा पाय चटकन पुढे टाकून सावरायचं काम हेच तंतू करतात. म्हातारा माणूस पडतो तेव्हा "तोल गेला" असं आपण म्हणतो. तोल तर तुमचा-माझाही जातो, पण आपला दुसरा पाय वेळेवर पोहोचतो.

आता माझं सांगतो. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, तीस वर्षं खुर्चीत बसून. चोपन्नाव्या वर्षी एका लग्नात पंगतीत बसलो आणि उठताना शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. घरी येऊन आरशासमोर मांड्या पाहिल्या. अव्वाच्या शेवटच्या दिवसांतल्या मांड्या आठवल्या.

दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो. पोरवयात तिथे जोर-बैठका मारल्या होत्या, सिद्धेश्वरांच्या यात्रेत मिरवतात त्या उंच, जड काठीच्या, म्हणजे नंदीध्वजाच्या सरावालाही उभा राहिलो होतो. वस्ताद आता सत्तरी पार केलेले आहेत. मला वाटलं, बैठका सांगतील. त्यांनी बाहेरची लाकडी खुर्ची ओढली. "हात न लावता उठून दाखव की आधी." पाच वेळा उठलो, सहाव्याला गुडघ्यावर हात गेला. "झालं. आठवडाभर रोज पाच. पुढच्या आठवड्यात सहा. भुईवरनं उठायचं नंतर बघू. तुला घाई कशाची हाय?"

यात तालमीचं सगळं शास्त्र आहे. नंदीध्वज कंबरेला पेलणारी पोरं संक्रांतीच्या दिवशी एकदम काठी उचलत नाहीत. यात्रेच्या कितीतरी आधीपासून रोजचा सराव असतो आणि भार हळूहळू अंगवळणी पाडतात. शरीराला काल झेपलं त्याहून थोडंसं जास्त मागायचं, मग ते स्नायू बांधतं. काहीच मागितलं नाही तर जे आहे तेही मोडीत काढतं.

साठी-सत्तरीत आता काय बांधणार, असं म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला १९९० सालचा प्रयोग सांगतो. सरासरी नव्वद वर्षांची, अशक्त झालेली दहा माणसं. त्यांच्याकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, तोही हलकाफुलका नव्हे, चांगलं जड वजन लावून. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. नव्वदीत! आणि चंदीगडच्या मान कौर आजी तर त्र्याण्णवाव्या वर्षी पळायला लागल्या आणि २०१७ साली ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये १०१व्या वर्षी शंभर मीटर धावल्या. प्रत्येकाला पळायचं नसतं, मान्य. पण "या वयात शरीर ऐकत नाही" हे वाक्य आता माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

सकाळी होम मैदानावर, तलावाच्या काठानं चालणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. चालणं सोडू नका, हृदयाला, साखरेला, मनाला त्यानं फायदाच होतो. पण सपाट जमिनीवरच्या चालण्यानं मांड्यांची आणि हातांची ताकद टिकत नाही. वीस वर्षं न चुकता चार किलोमीटर चालणारे आमचे एक काका भारतीय पद्धतीच्या संडासात बसू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींतही चालण्यासारख्या व्यायामाशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा सांगितलाय, आणि ६५ वर्षांपुढच्यांना तोल आणि ताकद मिळून तीन दिवस.

दुसरं एक वाक्य मला कारखान्यात रोज ऐकू येतं. "आम्ही कष्टकरी, आम्हाला काय व्यायाम?" बारा-बारा तास मागावर उभे राहणारे कामगार असं म्हणतात आणि मला त्यांना तोंडावर नाही म्हणायला जड जातं. पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. मागावर तेच पाय, तोच वाक, तोच खांदा वर्षानुवर्षं झिजतो आणि बाकीचं शरीर बेकार राहतं. आमच्या शेजारच्या अक्का चाळीस वर्षं विड्या वळतात. मांडीवर सूप, मान खाली, दिवसाला हजार विड्या. बोटं अजून विजेसारखी चालतात. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे आणि कंबर मात्र अशी, की उठताना भिंतीचा आधार लागायचा. कष्टात भार किती आणि विश्रांती कधी हे मालक आणि पोट ठरवतं. व्यायामात ते आपण ठरवतो, म्हणून अंग भरून यायला सवड मिळते.

मी काय करतो ते थोडक्यात लिहितो, कारण विचारणारे बरेच आहेत. आठवड्यातून तीन दिवस. खुर्चीवरून हात न लावता उठणं, उठताना जोरात, बसताना सावकाश. भिंतीला टेकून जोर, आता ते पायरीवर आलेत. दोन पिशव्यांत ज्वारी भरून दोन्ही हातांत धरायची आणि गच्चीवर फेऱ्या मारायच्या. देवापुढे उभं राहून स्तोत्र म्हणताना एका पायावर उभं राहणं, हात कट्ट्यावर तयार ठेवून. दिवसातून दोनदा जमिनीवर बसून जेवण. पहिले पंधरा दिवस मांड्या दुखतील, ते चालतं. सांधा दुखला, सुजला, तर भार कमी करायचा. श्वास कोंडून वजन उचलायचं नाही. छातीत दुखतं, रक्तदाब आवाक्यात नाही किंवा ऑपरेशन झालंय, अशांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि खाणं. म्हातारी माणसं संध्याकाळी चहात बिस्कीट बुडवून "माझं झालं" म्हणतात, अव्वाही म्हणायची. उतारवयात शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या आजीला पन्नास-साठ ग्रॅम. नुसत्या भाकरी-आमटीत ती पुरी होत नाहीत. आपल्याकडे शेंगाचटणी आहे, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. ताक, दूध, घट्ट डाळ, मटकीची उसळ, चालत असेल तर अंडी. दात नसतील तर कडक भाकरी दुधात कुस्करून द्या, पण द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच.

घरच्यांना एकच विनंती. आई भाजी निवडते म्हणाली तर परात तिच्यापुढे ठेवा, ती उठून घेईल अशी चार हात लांब. जिन्याला दणकट कठडा लावा, मोरीत खरखरीत फरशी घाला, पण चढू नको म्हणू नका. तिला उठायला वेळ लागत असेल तर तेवढा वेळ थांबा. मला तेव्हा थांबता आलं नाही, मी धावत जाऊन काखेत हात घालायचो.

शेजारच्या अक्कांना मी दिवाळीनंतर खुर्चीवरून उठायला लावलं. पहिल्या दिवशी दोनदा. मग दोन्ही हातांत ज्वारीची पिशवी, एक किलोपासून. यात्रेत शोभेचं दारूकाम बघायला आम्ही सगळे होम मैदानावर गेलो. अक्का सतरंजीवर बसल्या होत्या. संपल्यावर मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, एक गुडघा टेकला, एक तळवा जमिनीला लावला आणि उठल्या. वाटेत काहीच बोलल्या नाहीत. घराच्या दारात थांबून म्हणाल्या, "ते पाच किलोचं आता हलकं वाटायलंय. उद्यापासनं किती भरू?"