आधी पाणी तपासा, मग मशीनचं बोला

आज दुपारी आत्याचा फोन आला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

आत्या गुहागरजवळ एकटी राहते. मुलं मुंबईला. सकाळी गळ्यात आयकार्ड अडकवलेला एक मुलगा आला. "आजी, पाणी फुकट तपासून देतो." ओटीवर बसला, दोन ग्लास मागून घेतले. एकात आत्याच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत सळ्यांचं एक यंत्र बुडवलं आणि वायर प्लगला लावली. बघता बघता विहिरीचं पाणी तांबडंकाळं झालं, वर फेस, खाली गाळ. त्याच्या बाटलीतलं पाणी जसंच्या तसं. "आजी, हे तुम्ही रोज पिता." मग 38 हजारांचा सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन, पाच हजार रोख ॲडव्हान्स, आणि पावती म्हणून वहीचा फाडलेला कागद.

पैशांचं नंतर बोलू. आत्या फोनवर म्हणाली, "अगो, जन्मभर मी ह्यांना आणि पोरांना असलं पाणी पाजलं?" काका जाऊन बरीच वर्षं झाली. आता ह्या वयात तिच्या डोक्यात हे भरवून तो मुलगा निघून गेला.

तर नीट ऐका. तो गाळ विहिरीतला नव्हताच. त्या यंत्रात लोखंडाच्या सळ्या असतात. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंज पाण्यात उतरतो. बाटलीतलं पाणी आरओचं, त्यात क्षार नसल्यातच जमा, त्यामुळे वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ राहतं. त्याच स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा प्लग लावायला सांगा. तेही तसंच तांबडं होईल. ही तपासणी नाही, ही म्हाताऱ्या माणसांना घाबरवायची युक्ती आहे.

मी त्याला फोन केला. विचारलं, हार्डनेस किती आला? म्हणे, "मॅडम, टीडीएस 340 दाखवला ना मीटरने!" अरे, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच. हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा, त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनर तेवढंच काढतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. म्हणजे सॉफ्टनर लावल्यावरही टीडीएस जवळपास तेवढाच राहणार. टीडीएस दाखवून सॉफ्टनर विकणाऱ्याला एक तर काही कळत नाही, नाहीतर सगळं कळतं.

आत्याची विहीर जांभ्यातली आहे. ग्रामपंचायतीत पाणी तपासायचं किट असतं, त्यावर उन्हाळ्याच्या आधी तिचं पाणी तपासलं होतं. हार्डनेस लिटरमागे 80 मिलीग्रॅमच्या आसपास. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात 200 पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तिच्याकडे साबणाला फेस येतो, तूरडाळ शिजते, बादलीला पांढरं बसत नाही. तिची तक्रार एकच, मे महिन्यात पाणी मचूळ लागतं. ते लागणारच. खाडी जवळ, आणि आजूबाजूला होमस्टेवाल्यांचे पंप दिवसरात्र उपसा करतायत. ते मीठ सॉफ्टनरने जात नाही. उलट पाणी जितकं जड तितकं सोडियम वाढतं. 100 हार्डनेस काढला की लिटरमागे साधारण 46 मिलीग्रॅम. आत्याला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. ते त्या मुलाने विचारलं का?

सॉफ्टनर वाईट असं मी म्हणत नाही. आमच्याकडे कातळावर बोअरचं पाणी आहे, हार्डनेस 400. गीझरची कॉइल पांढऱ्या थराने जाड होऊन जळायची, नळाच्या जाळ्या बुजायच्या, धुतलेले कपडे कडक व्हायचे. आम्ही सॉफ्टनर घेतला आणि फरक पडला. पण तो घेताना आम्ही जे विचारलं ते आत्याला कोण सांगणार होतं?

विचारायचं हे की आत रेझिन, म्हणजे हार्डनेस धरून ठेवणारे बारीक मणी, किती लिटर आहे. सगळा खेळ त्या रेझिनचा. बाहेरचा डिस्प्ले आणि मोबाइलचं ॲप बघून काय करायचंय? एक लिटर रेझिन एका वेळी साधारण 50 ग्रॅम हार्डनेस धरतं. 25 लिटर रेझिन आणि 400 हार्डनेस असेल तर तीन हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. आमच्याकडे ते चार-पाच दिवस पुरतं. मग मिठाच्या पाण्याने ते धुवायचं, दर वेळी अडीच-तीन किलो मीठ आणि शे-दीडशे लिटर पाणी. हे मीठ आणि हे पाणी कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. ज्या गावात मेमध्ये टँकरची वाट बघतात तिथे तेवढं पाणी दर चार दिवसांनी गटारात सोडायचं, हे आधी कळायला नको? आणि ते खारं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलंत तर जांभ्यातून झिरपून पुन्हा विहिरीतच येणार. आमच्या प्लंबरला हे मी सांगितलं तेव्हा कुठे त्याने पाइप फिरवला.

ऑटोमॅटिक की मॅन्युअल? मला विचाराल तर कोकणात मॅन्युअल. वळवाच्या विजा, दिवसाला दहा वेळा जाणारी लाइट, आणि समुद्राची खारी हवा. कंट्रोलरचं कार्ड गेलं की मशीन बंद. मॅन्युअल व्हॉल्व्ह गावचा प्लंबरही दुरुस्त करतो. ज्यांना गुडघ्यांमुळे मिठाची पिशवी उचलवत नाही त्यांना ऑटोमॅटिक सोयीचं, हे मान्य. पण त्यातही मीठ कोणीतरी भरावंच लागतं.

आता वॉरंटी. आत्याने व्हॉट्सॲपवर त्या कागदाचा फोटो पाठवलाय. वर ठळक अक्षरात '5 वर्षे'. खाली बारीक अक्षरात ती पाच वर्षं फक्त टाकीची. व्हॉल्व्हला एक वर्ष. रेझिनला काहीच नाही. पाण्यात लोह किंवा गाळ असल्यास वॉरंटी रद्द, व्होल्टेज कमी-जास्त झाल्यास रद्द, बाहेरचं मीठ वापरल्यास रद्द. तांबड्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात गाळ आणि लोह नसलेलं पाणी कुठून आणायचं? आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला, येण्या-जाण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. म्हणजे कोकणात पाऊल टाकलं की ही वॉरंटी संपली.

दर तालुक्याला माणूस ठेवणं कंपन्यांना परवडत नसेल, ठीक आहे. मग दर तालुक्याला विकणारा कसा परवडतो?

त्या मुलावर मी फोनवर खूप ओरडले. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये असंच करून दाखवायला शिकवलंय." बावीस-तेवीसचा असेल. इकडचाच असावा, बोलण्यावरून तरी वाटलं. महिन्याचं टार्गेट असेल, पेट्रोलही पदरचं असेल. त्याच्याबद्दल मला वाईट वाटतंय. पण त्याला हे शिकवणाऱ्यांना नीट माहीत आहे की कोकणातल्या घरांत दुपारी कोण एकटं असतं, पोरं कुठे असतात आणि पेन्शन कुठल्या तारखेला जमा होते. त्यांना माफी नाही.

आत्याला मी सगळं समजावलं. तिला अर्धं पटलंय. संध्याकाळी तिने चहाला पाणी पुन्हा विहिरीचंच घेतलं, पण गाळून, उकळून, आणि मला विचारून.

तुमच्या घरी गावाला जे कोणी असेल त्यांना आज फोन करा. पाण्याचा लेखी रिपोर्ट आणि त्यात हार्डनेसचा आकडा असल्याशिवाय कोणालाही पैसे द्यायचे नाहीत, एवढं सांगा. तपासणी जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत होते, विकणाऱ्याच्या बॅगेत नाही. कोणी पैसे देऊन बसलं असेल तर कागद जपून ठेवा आणि 1915 ला फोन लावा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आत्याच्या पाच हजारांसाठी मी उद्या सकाळी तिथेच फोन करणार आहे.