मृत्युपत्र नाही, मग वकील लागतोच का?

प्रश्न मंद्याने टाकला. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे स्वकमाईचा पुण्यातला फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, गावाकडे विकत घेतलेली दोन एकर. आई, दोन मुलगे, लग्न झालेली मुलगी. वकील धरायचा का?

"कशाला?" शिऱ्या म्हणाला. "सगळीकडे आई नॉमिनी आहे. मृत्यूचा दाखला जोडला की काम झालं."

"ठेवीचे पैसे तिच्या हातात येतील, पण ते सगळ्या वारसांचे," नितीनने अडवलं. "सोसायटीही नॉमिनीला तात्पुरतं सभासद करते. फ्लॅट विकायला काढ, घेणाऱ्याची बँक सगळ्यांच्या सह्या मागेल."

"मग चार वारस, चार हिस्से."

"वडिलांची आई आहे?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. आजी हयात होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आजीसुद्धा पहिल्या वर्गातली वारस. म्हणजे हिस्से पाच, सारखे. कागद रेंगाळले आणि मधेच आजी गेली, तर तिच्या हिश्शात काका-आत्याही येतात. नितीनचं म्हणणं एवढंच, की वकिलाआधी वंशावळ लिहा. ते मलाही पटलं.

"सातबाऱ्याला तरी वकील नको ना?"

"नको. तलाठ्याकडे नाहीतर ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर वारस नोंदीचा अर्ज करायचा. नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. अडतं कुठे, तर आधारवर रामचंद्र आणि सातबाऱ्यावर रामभाऊ. एकाच माणसाची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेव. आणि लग्न झालं म्हणून बहिणीचं नाव गाळू नकोस. तो अन्याय तर आहेच, पुढे विक्रीच्या वेळी टायटल सर्चमध्येही, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासतानाही, तो बाहेर येतो."

"बहीणच नको म्हणाली तर?"

"तलाठ्यापुढच्या जबाबाने हक्क सुटत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्रच लागतं. मोबदला घेतला असेल तर मुद्रांक शुल्काचं गणित बदलतं. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा सोडता येत नाही. इथे मात्र मसुदा वकिलाकडूनच करून घे."

शिऱ्या हटेना. "सक्सेशन सर्टिफिकेट काढलं की सगळं एकदम सुटेल."

"ते ठेवी आणि शेअरसाठी, १९२५ च्या कायद्याखाली. घर-जमिनीला चालत नाही. तिथे कुणी मागितलंच तर दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र लागतं, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचं. चुकीचा अर्ज केलास तर कित्येक महिने गेले आणि फ्लॅट जागच्या जागी."

म्हणजे पाचही जण सही करणार असतील तर वकील एका हक्कसोडपत्रापुरता. एकानेही नकार दिला तर पहिल्या दिवसापासून, आणि प्रत्येक बाजूचा वेगळा.

"फी? हिश्शावर टक्का घेतात म्हणे."

"टक्का मागणाऱ्याकडून सरळ उठून ये. मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा ठरवून घ्यायला बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियमच मनाई करतात. कामागणिक रक्कम ठरव आणि पावती घे."