'पारो धावत आली तर बिघडलं काय?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'देवदास' सिनेमानं शरत्चंद्र चट्टोपाध्याय (शरदबाबू) यांच्या बंगाली कादंबरीचा शेवट बदलून तिचा गाभाच घालवला, असं मी लेखात म्हटलं होतं. त्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. सकाळी पुन्हा वाचली, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : संजय लीला भन्साळींच्या 2002 च्या सिनेमाला कादंबरीची फूटपट्टी लावणं हा पुस्तकी हट्ट आहे, शेवट बदलला म्हणून काही बिघडत नाही, मी कादंबरीचं साल चुकवलं आहे, आणि 'फाळक्यांच्या नाशकात राहून तुम्हाला सिनेमा कळू नये याचं नवल वाटतं.'

साल माझं चुकलं. शरदबाबूंनी 'देवदास' लिहिली 1901 च्या सुमारास, ती छापली गेली 1917 मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण गावावरून टोमणा कशाला? फाळके त्र्यंबकचे, 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी बिऱ्हाडासकट सगळा पसारा नाशकात आणला, 1944 मध्ये ते इथेच गेले. हे मला तुमच्याकडून कळायला नको होतं. 'देवदास' छापली गेली त्याच 1917 साली त्यांचा 'लंकादहन' आला. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत. ओळखीच्या गोष्टीतलं काय जागचं हलवायचं नसतं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं या शहरात सिनेमे पाहणाऱ्याला माध्यम शिकवण्याआधी तुम्ही लेख तरी पुरता वाचायला हवा होता. या सिनेमातल्या, बिरजू महाराजांनी बसवलेल्या नाचाचं त्यात मनापासून कौतुक आहे. ते तुम्हाला दिसलं नाही.

आता तुमचं ते वाक्य : 'पारो धावत आली तर बिघडलं काय? मरणाऱ्याला तेवढंही सुख नको?'

सगळं बिघडलं. कादंबरीत देवदास बैलगाडीतून रात्री हातीपोत्याला, म्हणजे त्याच्या बालमैत्रिणीच्या, पारोच्या सासरच्या गावी पोचतो आणि पारोच्या दारासमोरच्या झाडाखाली पडून राहतो. सकाळी मरतो. आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं. जात माहीत नाही म्हणून गावातलं कुणी प्रेताला हात लावत नाही. शेवटी चांडाळ नेतात आणि अर्धवट जाळून टाकून देतात. पारोला कळतं ते सगळं उरकल्यावर. मग ती धावते, आणि घरचीच माणसं तिला अडवतात. त्यानंतर शरदबाबू स्वतः वाचकाशी बोलतात : मरण येवो, पण त्या वेळी कपाळावर कुणाचा तरी मायेचा हात असावा, एखादा तरी कळवळलेला चेहरा दिसावा, अशा अर्थाचं. कादंबरी या मागणीपाशी थांबते, कारण देवदासला यातलं काहीच मिळालेलं नाही. आणि सिनेमात? मिटत्या डोळ्यांना लांबलचक पदर सोडून धावत येणारी पारो दिसते, मग फाटक बंद होतं. जो चेहरा मिळाला नाही म्हणून लेखकाचा जीव तुटला, तोच दिग्दर्शकानं देऊन टाकला.

हे मी पुस्तकी हट्टानं म्हणत नाही. आमचे बाबा नोटप्रेसमध्ये होते. दुसरी पाळी करून आले की जेवणानंतर शरदबाबूंची मराठी भाषांतरं आम्हाला वाचून दाखवत. 'देवदास'चं शेवटचं पान मात्र त्यांनी कधी मोठ्यानं वाचलं नाही. पुस्तक माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, 'तू वाच.' त्या परिच्छेदाशेजारी समासात त्यांनी पेन्सिलनं उभी रेघ मारलेली आहे. 1996 मध्ये ते गेले तेव्हा मी नोकरीनिमित्त मनमाडला होतो. निरोप मिळाल्यावर मिळेल त्या गाडीनं नाशिकरोडला उतरलो आणि दवाखान्यात पोचलो, तर खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती. रात्री जवळ कुणीच नव्हतं. सहा वर्षांनी थिएटरात तो शेवट पाहिला. शेजारचे लोक डोळे पुसत होते आणि मला राग येत होता. तुम्ही त्याला कुरकुर म्हणता. म्हणा.

बदलच नको, असंही मी कुठे म्हटलेलं नाही. बिमल रॉय यांनी 1955 च्या आपल्या 'देवदास'मध्ये पारो आणि देवदासवर जीव लावणाऱ्या कलावंतीण चंद्रमुखीला एका वाटेवर समोरासमोर आणलं. कादंबरीत त्या भेटतच नाहीत. पण त्यांनी दोघींच्या तोंडी एक शब्द घातला नाही, नुसती नजर. तो बदल मला मान्य आहे. 2002 च्या सिनेमात दोघी दागिन्यांनी मढून एकत्र नाचतात. कादंबरीतला देवदास पारोच्या कपाळावर मारतो ते गळाच्या काठीनं. या सिनेमात त्याच्या हाती हार येतो. गावाकडच्या पोराचा रानटीपणाच त्यात नाहीसा होतो.

कानचा महोत्सव, पुरस्कार, गर्दी या मुद्द्यांत मी शिरत नाही. तुम्ही ते का काढलेत तेच कळलं नाही.

नाशकात राहत असाल तर घरी या. बाबांची प्रत देतो, शेवटचं पान वाचा आणि मग पुन्हा लिहा. प्रत मात्र आठवड्यात परत आणून द्या.