जे-लीग आणि ‘पाच वर्षांत वर्ल्ड कप’ची गोष्ट

वर्ल्ड कपात जपानने एखाद्या बड्या संघाला दणका दिला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: 1993 पर्यंत जपानात फुटबॉल कुणाच्या गावीही नव्हता. मग कंपन्यांनी पैसा ओतला, जे-लीग ही व्यावसायिक लीग निघाली, एका रात्रीत हौशी खेळाचा व्यावसायिक खेळ झाला, निवृत्तीला टेकलेले परदेशी तारे आणले, पाच वर्षांत वर्ल्ड कप गाठला आणि तेव्हापासून आलेख चढताच आहे.

यातलं वर्ल्ड कपाचं तेवढं खरं. 1998 ला जपान फ्रान्समध्ये खेळला. (तिन्ही सामने हरला, हे मजकुरात नसतं.) बाकीचं एकेक घेऊ.

‘फुटबॉल गावीही नव्हता.’ 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने अर्जेंटिनाला 3-2 ने हरवलं होतं. 1968 ला मेक्सिकोत यजमानांनाच 2-0 ने हरवून कांस्यपदक घेतलं आणि कुनिशिगे कामामोतो सात गोलांसह स्पर्धेत अव्वल ठरला. ऑलिंपिक तेव्हा हौशींचं होतं, त्यामुळे त्या पदकाचं वजन थोडं कमी धरा, हरकत नाही. पण पाया तिथे होता. जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्या सल्ल्यावरून 1965 मध्ये आठ संघांची राष्ट्रीय लीगसुद्धा सुरू झाली होती.

या लीगची गंमत अशी की संघ शहरांचे नव्हते, कंपन्यांचे होते. मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा इलेक्ट्रिक, यानमार डिझेल. खेळाडू म्हणजे त्या कंपनीचा नोकरदार. आधी कचेरी, मग सराव. खेळणं थांबलं तरी नोकरी शाबूत. आज याला हसणं सोपं आहे, पण त्या काळच्या जपानात मोठ्या कंपनीतली नोकरी म्हणजे जन्माची सोय. ती सोडून दोन-तीन वर्षांच्या करारावर पाय ठेवायला कोण तयार होईल? व्यावसायिक लीगपुढची खरी अडचण ही होती. नुसती पैशाची असती, तर ती कधीच सुटली असती.

‘एका रात्रीत.’ ही रात्र बरीच लांबली. यासुहिको ओकुदेरा 1977 मध्ये जर्मनीत कोलोन क्लबकडे गेला आणि तिथे व्यावसायिक म्हणून खेळला. शेजारच्या दक्षिण कोरियाने 1983 मध्ये व्यावसायिक लीग काढली, आणि 1985 मध्ये त्याच कोरियाने वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत जपानला टोकियोत आणि सोलमध्ये, दोन्हीकडे हरवलं. हे झोंबलं. 1986 मध्ये जपानच्या फुटबॉल संघटनेने खास परवाना देऊन व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. पहिले परवाने दोघांना मिळाले: परतलेला ओकुदेरा आणि निस्सानचा काझुशी किमुरा. नव्या लीगसाठी, म्हणजे जे-लीगसाठी, दहा क्लब निवडले गेले 1991 मध्ये, आणि पहिला लीग सामना झाला 15 मे 1993 ला. परवान्यापासून सामन्यापर्यंत सात वर्षं.

शिवाय जपानने पहिल्यांदा आशियाई चषक जिंकला तो 1992 मध्ये, हिरोशिमात. तेव्हा जे-लीगचा एकही लीग सामना झालेला नव्हता.

‘पैसा आणि परदेशी तारे.’ तारे आले होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण इंग्लंडच्या गॅरी लिनेकरचंच बघा. नागोया क्लबने त्याला वाजतगाजत आणलं आणि पायाच्या दुखापतीने त्याला धड खेळूच दिलं नाही. ब्राझीलच्या झिकोची गोष्ट वेगळी. तो 1991 मध्येच आला होता, तोही सुमितोमो मेटलच्या दुसऱ्या विभागातल्या संघाकडे. तो संघ होता काशिमाचा, जेमतेम 45 हजार वस्तीच्या कारखान्यांच्या गावातला. लीगचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी या गावाला जवळजवळ नकारच दिला होता. (1964 ला अर्जेंटिनावर गोल मारणाऱ्यांत हेच कावाबुची होते.) 15 हजार प्रेक्षकांचं, छप्पर असलेलं मैदान बांधाल तर बघू, असं त्यांनी ऐकवलं. गावाने आणि प्रांताने ते बांधलं. पहिल्याच सामन्यात झिकोने लिनेकरच्या नागोयाला तीन गोल मारले, काशिमा 5-0 ने जिंकला. पुढे लीगची सर्वाधिक विजेतेपदं याच क्लबने मिळवली.

मला यात झिकोपेक्षा मैदानाची अट महत्त्वाची वाटते. नव्या लीगचा दुसरा नियमही त्याच धाटणीचा: क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं. मित्सुबिशीचा संघ उरावा झाला, निस्सानचा योकोहामा मारिनोस. पैसा कंपनीचाच, पण पाटी गावाची. योमिउरी वृत्तपत्रसमूहाला हे इतकं खुपलं की त्यांचा पेपर आपल्या संघाला ‘योमिउरी व्हर्डी’च म्हणत राहिला. व्हर्डीने पहिल्या दोन वर्षांची विजेतेपदं जिंकली आणि नंतर वर्षानुवर्षं दुसऱ्या विभागात काढली.

‘आलेख चढताच.’ 1994 मध्ये सामन्यामागे सरासरी 19,598 प्रेक्षक होते, 1997 मध्ये 10,131. तीन वर्षांत जवळपास निम्मे. कंपन्यांच्या पैशाचं खरं रूप कळलं ते पुढच्या वर्षी. योकोहामा फ्ल्युगेल्सच्या दोन पाठीराख्यांपैकी सातो कोग्यो या बांधकाम कंपनीने अंग काढून घेतलं, आणि क्लब गावातल्याच प्रतिस्पर्ध्यात, मारिनोसमध्ये, विलीन करायचं ठरलं. खेळाडूंनी उरलेले सगळे सामने जिंकत 1 जानेवारी 1999 ला एम्परर्स कप हा राष्ट्रीय चषक उचलला, आणि तोच क्लबचा शेवटचा सामना ठरला. मारिनोसच्या नावात ‘एफ’ एवढं एक अक्षर उरलं.

चाहत्यांना ते अक्षर पुरलं नाही. त्यांनी स्वतःचा क्लब काढला, योकोहामा एफसी, आणि तिसऱ्या पायरीपासून सुरुवात केली. 2007 मध्ये तो पहिल्या विभागात पोचला, तिथला पहिला विजय मारिनोसवर, 1-0. मग मात्र दाणादाण उडाली, संघ तळाला गेला. शेवटच्या दिवशी समोर उरावा होता, नुकताच आशियातल्या क्लबांचा विजेता झालेला, मित्सुबिशीच्या पाठबळाचा, आणि त्याला लीगही जिंकायची होती. योकोहामा एफसीने त्याला 1-0 ने हरवलं. विजेतेपद काशिमाला गेलं.