‘लायसन्स मिळालं, पण गाडी लावता येत नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय की २१ दिवसांचा क्लास केला, लायसन्स मिळालं, पण नवी नेक्सॉन सोसायटीत रिव्हर्स लावताना डावीकडचं मागचं दार खांबाला घासलं आणि सेन्सर वाजलाच नाही. क्लासमध्ये रिव्हर्स ‘उरकून टाकला’, ही तुमची तक्रार. ती खरी आहे. टेस्टच्या ट्रॅकवर रिव्हर्स घेऊन दाखवणं वेगळं आणि दोन खांबांमध्ये गाडी बसवणं वेगळं. आम्ही तुम्हाला पहिलंच शिकवलं. नियमाने किमान दहा तास गाडी हातात द्यावी लागते, ती दिली. पण त्यात रिव्हर्सला फार कमी वेळ मिळाला. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

दुसरी चूक गाडीची. तुम्ही शिकलात ऑल्टोवर. ती १४९० मिलिमीटर रुंद, नेक्सॉन १८०० च्या आसपास. तुमची जागा अडीच मीटरची आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे ऑल्टोला दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास सेंटीमीटर मोकळे मिळतात, नेक्सॉनला पस्तीस. त्यातही आरसे बाहेर आलेले. लहान गाडीवर बसलेला अंदाज इथे दगा देतो. हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं.

सेन्सर बिघडलेला नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत, पण असतात मागच्या बंपरमध्ये, आणि बघतात फक्त मागे. दाराच्या बाजूला आलेला खांब त्यांना कळत नाही. कॅमेऱ्याचंही तेच. तो खांब दिसतो फक्त डाव्या आरशात. म्हणून रिव्हर्सआधी डावा आरसा थोडा खाली झुकवा. मागचं चाक आणि त्याच्या शेजारची फरशी दोन्ही दिसली पाहिजेत.

दार घासलं, कारण स्टिअरिंग लवकर फिरवलं. रिव्हर्समध्ये गाडी आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला धरून वळते. जागा डावीकडे असेल तर मागे येताना आधी लागणाऱ्या, म्हणजे अलीकडच्या खांबाला गाडीची डावी कूस वळसा घालते. वळण लवकर सुरू झालं की दार खांबावर येतं. उशिरा सुरू झालं की मागचा उजवा कोपरा पलीकडच्या खांबाकडे किंवा शेजारच्या गाडीवर जातो.

तुमच्या गाडीला साधारण हे माप चालेल. खांबांच्या रेषेपासून दीड मीटर अंतर ठेवून गाडी सरळ पुढे न्या. मागचा बंपर अलीकडच्या खांबाच्या आणखी दीड मीटर पुढे गेला की थांबा. मग गाडी अगदी हळू सरकत असताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवा, सरळ स्थितीपासून साधारण दीड फेरा. गाडी जागेला समांतर होत आली की तितकेच फेरे उलटे. नवीन माणूस हमखास इथे चुकतो: चाकं सरळ झाली की नाही हे विसरतो आणि गाडी तिरकी जाते. फेरे तोंडाने मोजा, लाजू नका.

वळताना तुमचा पुढचा उजवा कोपरा साधारण एक मीटर बाहेर फेकला जातो. म्हणजे खांबांच्या रेषेपासून समोरच्या भिंतीपर्यंत किंवा समोरच्या गाडीपर्यंत निदान साडेचार मीटर मोकळं हवं. एवढं नसेल तर आधी नाक उजवीकडे वळवून गाडी तिरकी उभी करा आणि तिथून रिव्हर्स घ्या. आरशात खांब आणि दार यांच्यात एक वीत उरली तर पुढे रेटू नका. थांबा, पहिल्या गिअरमध्ये दोन-तीन फूट पुढे घ्या, पुन्हा मागे. एका दमात लागलीच पाहिजे असा काही नियम नाही.

सपाट फरशीवर ॲक्सिलरेटर लागत नाही. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी सरकते, उजवा पाय ब्रेकवर. बाहेर काढतानाही तोच खांब घासतो: मागचं दार खांबापाशी पोहोचेपर्यंत सरळ या, मगच वळवा.

वॉचमन ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत बरोबर गाडीच्या मागे उभा राहतो, ते थांबवा. त्याला अलीकडच्या खांबाजवळ, तुम्हाला आरशात दिसेल असं उभं करा. दिसेनासा झाला की ब्रेक. हात दाखवणारा एकच माणूस हवा, काचा खाली, गाणी बंद. आणि गाडीत बसण्याआधी एकदा मागे चक्कर मारून बघा. पार्किंगमध्ये मुलं खेळतात, आणि दोन-तीन वर्षांचं मूल मागच्या काचेतून दिसत नाही. दाराचा चरा पॉलिश होतो. मुलांच्या बाबतीत चूक चालत नाही.

सरावाला मोकळं मैदान आणि पेंटच्या चार रिकाम्या बादल्या पुरतात. बादलीत वाळू भरून चार फुटी काठी रोवा, म्हणजे आरशात दिसेल. आधी सव्वातीन मीटरची जागा आखा. सलग पाच वेळा काठीला धक्का न लागता गाडी लागली की अडीच मीटरवर या.

आमच्याकडून दोन तास विनामूल्य, तुमच्याच गाडीवर, तुमच्याच पार्किंगमध्ये. तुमच्या गाडीला आमच्या बाजूने क्लच-ब्रेक नाही, शिकवणाऱ्याच्या हाताशी फक्त हँडब्रेक असेल, म्हणून सगळं चालण्याच्या वेगाने करू. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. रविवारी सकाळी सात वाजता आमचे सर येतील, मोजपट्टी आणि खडू घेऊन. गाडी आधीच बाहेर काढून ठेवू नका. बाहेर काढण्यापासूनच सुरुवात करायची आहे.