पाकीट चुलीत

लाईट गेली की जेटीवरचा आमचा कट्टा भरतो. शनिवारी विषय निघाला 'शरेड' या जुन्या इंग्रजी पिक्चरचा.

"शराड म्हण," नंद्या. "फ्रेंच शब्द आहे." पुण्यात दोन वर्षं काढल्यापासून नंद्या आमचे उच्चार तपासतो. "रहस्यपटांचा बादशहा हिचकॉक, त्यानं न काढलेला हिचकॉक, बाबांनो." हे वाक्य त्याचं स्वतःचं असल्यासारखा तो थांबला. मग फॅशनवाल्या जिव्हान्शीचे कपडे, मॅन्सिनीचं संगीत, १९६३ चं पॅरिस... दिगूनं मध्येच विचारलं, "हिरो कॅरी ग्रँट एकोणसाठचो, हिरॉईन ऑड्री हेपबर्न चौतिसाची. बरा दिसता?"

"ग्रँटलाच लाज वाटत होती," मी म्हटलं. "म्हणून लेखकानं मागे लागायचं काम तिच्याकडे दिलं."

"तरीच," आबा हसले. "नंद्याच्या मागे कोण लागणा नाय, म्हणान तो पिक्चर बघता."

आबांनी चाळीस वर्षं टपाल वाटलंय. पिक्चरमध्ये तिघं गुंड अडीच लाख डॉलरसाठी बाईच्या जिवावर उठतात, आणि पैसे असतात पाकिटावरच्या तीन दुर्मीळ तिकिटांत. आबांना हे भलतंच पटलेलं. "लोक पाकीट फाडतत, पत्र काढतत, पाकीट चुलीत. तिकीट खंय गेला, कोण इचारता? आणि पोराकडून फसून आलेली तिकिटां परत देता, तो दुकानदार खरो हिरो. तुमचो ग्रँट कसलो? दर अर्ध्या तासान नाव बदलता!"

"मी ओरिजिनल डीव्हीडी मागवली," नंद्या सावरत म्हणाला. "अमेरिकेतून. मेव्हण्याकडून."

मला राहवलं नाही. म्हटलं, पिक्चरवाल्यांनी टायटलमध्ये साल टाकलं, कंपनीचं नाव टाकलं, 'कॉपीराइट' हा शब्दच टाकायचा राहिला. त्यामुळे तेव्हाच्या कायद्यानं अमेरिकेत तो पिक्चर पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा. फुकट.

नंद्या गप्प. दिगूनं संधी साधली. "आणि माजा हंगेरीचा तिकोनी तिकीट? सातवीत घेतलंस, बदल्यात काय दिलंस?"

"दोन दिली होती!"

"दोनय गांधी. एकाक शिक्को, दुसऱ्याक डिंक नाय."

ही केस पस्तीस वर्षं चालू आहे. तारखा पडतात, निकाल नाही.

"मग परत दे."

"कुठून देऊ? आईनं वह्यांबरोबर..."

"चुलीत!" आबा ओरडले, आणि त्याच क्षणी लाईट आली. नंद्याचा चेहरा सगळ्यांना नीट दिसला.